ऑफिसचा ईमेल, मालकाची नजर आणि स्टाफची खाजगी बाजू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या पट्ट्यातल्या कारखान्यांचे मेल सांभाळणं हा माझा धंदा. शाहूपुरीतल्या काही पेढ्या आणि दोन-तीन पतसंस्थाही आहेत. सर्व्हर बंद पडला म्हणून फोन येतात त्यापेक्षा "हे कायद्यात बसतं का ओ?" म्हणून जास्त येतात. निम्मे मालकांचे, निम्मे स्टाफचे. कधी एकाच कंपनीतून, एकाच आठवड्यात, एकमेकांना पत्ता नसताना. तेच प्रश्न पुन्हापुन्हा आले म्हणून इथे उतरवून ठेवलेत. मी वकील नाही. प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं असेल तर वकील गाठा.

१. आयडी माझ्या नावाची आहे. मग ती माझी की कंपनीची?

कंपनीची. डोमेन तिच्या नावावर, वर्षाचं बिल ती भरते. केबिनच्या दारावर तुमच्या नावाची पाटी लावली म्हणून केबिन तुमची होत नाही. पण टेबलावर ठेवलेला तुमचा जेवणाचा डबा त्यामुळे कंपनीचा होत नाही, हेही तितकंच खरं. पुढचे बहुतेक प्रश्न या डब्याबद्दलचेच आहेत.

ऑफिसचं काम मोफत जीमेलवर चालत असेल आणि ते खातं कुणाच्या तरी मोबाइल नंबरावर काढलेलं असेल, तर गोष्ट इतकी सरळ नाही. प्रश्न ४ पहा.

२. मालक माझे मेल वाचू शकतात का?

कंपनीच्या आयडीवरचे, हो. नोकरीच्या जागी मेल कसे तपासायचे याची रीत ठरवून देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल बोलतं, आणि कंपनीच्या मेलव्यवस्थेची मालक कंपनीच असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चं कलम ७ तर नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी (व्यापारी गुपितं, हेरगिरी वगैरे) संमती न घेताही माहिती वापरायची मुभा देतं (ते कधीपासून लागू, ते प्रश्न ७ मध्ये).

स्टाफपैकी कुणीतरी पुट्टस्वामी खटल्याचं नाव घेतोच. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. बरोबर आहे. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारकडे मागायचे असतात. खाजगी फाउंड्रीच्या मालकाविरुद्ध तो निकाल थेट चालवणं कठीण जातं.

आता मालकांसाठी. वाचता येतं म्हणून दुपारच्या चहाबरोबर कुणाचाही इनबॉक्स चाळत बसावं, असा याचा अर्थ नाही. रुमानियातल्या बार्बुलेस्कु नावाच्या इंजिनिअरला ऑफिसच्या मेसेंजरवर घरच्यांशी गप्पा मारल्या म्हणून २००७ मध्ये काढलं होतं. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. मुख्य मुद्दा असा की तपासणी होणार आहे आणि ती किती खोलवर जाणार आहे, हे त्याला आधी सांगितलंच नव्हतं. तो निकाल आपल्याला बांधील नाही. पण इथलाही न्यायाधीश किंवा चौकशी अधिकारी पहिल्यांदा हेच विचारेल: आधी सांगितलं होतं का?

माझाच किस्सा सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला एका मालकांच्या नुसत्या फोनवर मी त्यांच्या अकाउंट्समधल्या बाईंचा मेलबॉक्स उघडून दिला होता. शोधायचं होतं एक बिल. समोर आले त्यांचे दवाखान्याचे रिपोर्ट, आणि माझ्याबरोबर ते आणखी दोघांनी वाचले. बिल मिळालं, पण त्या बाई नंतर माझ्याशी कधी नीट बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. तेव्हापासून कारण दोन ओळींत लिहून आल्याशिवाय मी मेलबॉक्स उघडत नाही. उघडताना दोन माणसं समोर लागतात. ठरलेल्या तारखा आणि ठरलेले शब्द शोधायचे, बाकीच्याला हात लावायचा नाही.

३. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी माझं स्वतःचं जीमेल उघडतो. तेही त्यांना बघता येतं का?

कॉम्प्युटर त्यांचा, खातं तुमचं. ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह राहिला होता म्हणून सुपरवायझरनं तुमचं जीमेल उघडलं, तर ते कलम ४३ मध्ये बसू शकतं. लबाडीच्या हेतूनं केलं असेल तर कलम ६६ लागतं, आणि दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीनं वापरल्याबद्दल ६६ग, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. भरपाईसाठी कोर्टात जायची गरज नाही. पाच कोटींपर्यंतचे असे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून ऐकतात.

व्यवहारातली बाजू वेगळी. ऑफिसच्या राउटरवरून तुम्ही जीमेलवर गेलात एवढंच दिसतं, आतला मजकूर नाही. पण मशीनवर स्क्रीन टिपणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर सगळंच दिसतं. बँकेचं आणि दवाखान्याचं काम स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या नेटवर करा. त्यात कमीपणा काही नाही.

४. आमच्या ऑफिसात एकच जीमेल आहे, सहा जण वापरतात. पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे. चालतंय की?

चालतंय, एक दिवस बिघडेपर्यंत. या एका सवयीमुळे जेवढी भांडणं मी पाहिलीत तेवढी बाकी सगळ्या कारणांनी मिळून पाहिली नाहीत.

गिऱ्हाइकाला चुकीचा दर गेला. कुणी पाठवला? सहाही जण म्हणतात मी नाही, आणि सहाही जणांवर विश्वास ठेवावा लागतो कारण नोंद एकाच नावाची. डिस्पॅचच्या पोराला पगाराचं बोलणं दिसतं, कारण मालकही त्याच खात्यावरून सीएला लिहितात. खातं दहा वर्षांपूर्वी ज्या क्लार्कनं काढलं त्याचाच नंबर रिकव्हरीला. तो नोकरी सोडून पुण्याला गेला, आणि आता प्रत्येक ओटीपीसाठी त्याला 'दादा, जरा बघता का' म्हणायचं. त्यानं मनात आणलं तर पासवर्ड बदलून तो पूर्ण धंदा अडवू शकतो. ते खातं कंपनीचं होतं हे सिद्ध करायला तुमच्याकडे बिलसुद्धा नसतं, कारण ते मोफत होतं.

आणि कायद्याचं बोलायचं तर, कोण आत शिरलं हेच सांगता येत नसेल तर कुणावर कारवाई करणार? स्टाफच्या बाजूनंही तेच. तुमच्या माथी कुणी दुसऱ्याचा मेल मारला तर नाही म्हणायला तुमच्याजवळ काही नाही.

उपाय महाग नाही. स्वतःचं डोमेन घ्या आणि ते मालकाच्या किंवा कंपनीच्या नावावर नोंदवा. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नको, हा घोळ आपल्याकडे फार आहे. प्रत्येकाला वेगळी आयडी द्या. 'सेल्स', 'पर्चेस', 'डिस्पॅच' या सामायिक आयडी ग्रुप किंवा शेअर्ड मेलबॉक्स म्हणून ठेवा, म्हणजे सगळ्यांना दिसेल पण पाठवणारा कोण ते नोंदलं जाईल. एवढंही जमत नसेल तर मोफत जीमेलमध्ये पासवर्ड न देता दहा जणांपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. तेवढं तरी आजच करा, आणि रिकव्हरीचा नंबर बदला.

जाता जाता: आउटलुकमध्ये पीओपी लावून मेल सर्व्हरवरून उतरवून घेण्याची जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. त्यात मेल सर्व्हरवरून जातात आणि फक्त त्या एका मशीनच्या हार्डडिस्कवर राहतात. डिस्क गेली की आठ वर्षांचा पत्रव्यवहार गेला. आयमॅप लावून घ्या, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात.

५. धोरण लिहायचं म्हणजे किती पानं? मराठीत चालेल का?

दोन पानं पुष्कळ झाली. नेटवरून उतरवलेलं चाळीस पानी इंग्रजी धोरण मी बऱ्याच फायलींत पाहिलंय. एका ठिकाणी त्यात कॅलिफोर्नियाच्या कायद्याचं नाव तसंच राहिलं होतं.

मराठीत नुसतं चालत नाही, मराठीतच असावं. मोल्डिंग शॉपच्या सुपरवायझरला जे वाचता येत नाही त्याला त्याची संमती कसली? डेटा संरक्षण कायद्यानंसुद्धा जिथे संमती मागायची तिथे सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला सांगितलंय, आणि मराठी त्यात आहेच.

लिहायचं काय? आयडी कंपनीची आहे. खाजगी वापर किती चालेल (मी म्हणतो थोडा चालू द्या; पूर्ण बंदी कुणी पाळत नाही, आणि न पाळलेला नियम भांडणाच्या वेळी तुमच्यावरच उलटतो). कोणत्या कारणांसाठी मेल तपासले जातील, कोणाच्या परवानगीनं, कोण तपासेल. नोंदी किती दिवस राहतील. नोकरी सोडल्यावर आयडीचं काय होईल. तक्रार कोणाकडे करायची. तपासणी करणाऱ्यानं बाहेर बोललं तर त्याच्यावर काय कारवाई, हे वाक्य बहुतेक धोरणांत नसतं. ते घाला.

६. जुना स्टाफ सही करत नाही. म्हणतात, "वीस वर्षांत कधी सही मागितली नाही, आताच का?"

त्यांचं म्हणणं ऐकून घ्या, कारण सहसा त्यामागे दुसरी भीती असते: आता कुणाला तरी काढायचंय म्हणून हे कागद आले. एकाच खात्याला किंवा एकाच माणसाला धोरण दिलं तर ती भीती खरी ठरते. मालकाच्या मुलापासून सगळ्यांना एकाच दिवशी द्या. युनियन असेल तर आधी तिच्याशी बोला. तरीही सही आली नाही तर नोटीस बोर्डवर लावा, सगळ्यांना मेलनं पाठवा आणि दिल्याची नोंद ठेवा. सही नसली तरी 'सांगितलं होतं' एवढं उभं राहतं. मात्र धोरणाच्या तारखेआधीचे मेल उकरून त्यावर शिस्तभंग काढू नका.

७. नवा डेटा कायदा लागू झाला का? आमची पंचवीस माणसांची फाउंड्री, आम्हाला कशाला लागतोय?

कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जुनं कलम ४३क आणि २०११ चे नियम आहेत. त्यात पासवर्ड, बँकेची माहिती, तब्येतीची माहिती आणि बायोमेट्रिक 'संवेदनशील' धरलंय. हजेरीच्या मशीनवरचे अंगठे म्हणजे तेच.

पंचवीस माणसांना सूट नाही. उलाढालीची किंवा माणसांची किमान मर्यादा कायद्यात नाही. काही वर्गांना सवलत द्यायचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे, तेवढंच. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दलचा दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. आकडा ऐकून घाबरू नका, तो कमाल आकडा आहे आणि दंड ठरवताना चुकीचं स्वरूप बघितलं जातं. पण स्टाफच्या आधार कार्डांचे फोटो सगळ्यांना उघडणाऱ्या फोल्डरमध्ये पडले असतील तर ते आज संध्याकाळी हलवा.

८. मेल किती वर्षं ठेवायचे?

मेल वेगळा, मेलची नोंद वेगळी. कोण कधी आत शिरलं, कुठून, कुणाला पाठवलं ही नोंद म्हणजे लॉग. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे. नव्या डेटा नियमांत हा काळ एक वर्षाचा आहे. सरळ एक वर्ष धरा.

मेलचं म्हणाल तर तो कशाचा कागद आहे त्यावर ठरतं. बिलाला, पीओला आधार देणारा मेल हा हिशेबाचाच भाग. जीएसटीत वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, कंपनी कायद्यात आठ आर्थिक वर्षं. गाड्यांचे भाग बनवत असाल तर गुणवत्तेच्या कागदांसाठी गिऱ्हाइकाच्या करारात वेगळी मुदत असते, ती बघा. नोकरीसाठी आलेले आणि न घेतलेले बायोडेटा मात्र जपून ठेवायचं कारण नाही.

९. कंपनीचा मेल माझ्या स्वतःच्या मोबाइलवर आहे. त्यांनी मोबाइल पुसला तर घरचे फोटो जातील का?

जाऊ शकतात. मेल जोडताना "या डिव्हाइसवरचा सर्व डेटा पुसण्याची परवानगी" असा पडदा येतो आणि आपण न वाचता पुढे जातो. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल करून मागा. मग कंपनीला फक्त तेवढाच कप्पा पुसता येतो. मालकांनीही हेच करावं. कुणाच्या लेकीच्या बारशाचे फोटो तुमच्या हातून गेले तर कायदा राहिला बाजूला, त्या माणसाच्या घरासमोरून जायची चोरी होईल.

१०. माणूस सोडून गेला. त्याची आयडी बंद करायची की चालू ठेवून त्याच्या नावानं उत्तरं द्यायची?

त्याच्या नावानं उत्तरं कधीच द्यायची नाहीत. तो इथे नाही आणि त्याच्या नावानं कबुली जाते, हे उद्या तुमच्या आणि त्याच्या दोघांच्या अंगाशी येतं.

शेवटच्या दिवशी त्याच्यासमोर बसा, त्याला खाजगी काही असेल ते काढून घेऊ द्या. संध्याकाळी पासवर्ड बदला. 'मी आता इथे नाही, अमुक आयडीवर लिहा' असं आपोआप जाणारं उत्तर महिना-दोन महिने ठेवा, मग आयडी बंद करा. रागाच्या भरात खातं लगेच डिलीट करू नका: गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवसांत परत आणता येतं, पुढे नाही.

११. सेल्सच्या माणसानं ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकांची यादी स्वतःच्या जीमेलवर पाठवली. काय करता येईल?

आधी श्वास घ्या. रविवारी घरून काम करायला म्हणून पाठवलं असेल तर ते बेशिस्त आहे, चोरी नाही. तारखा बघा. राजीनाम्याच्या आठवड्यात एकदम दोनशे फायली गेल्या असतील तर गोष्ट वेगळी.

पुरावा जसाच्या तसा जपा (कसा, ते प्रश्न १२ मध्ये). त्याच्या जीमेलमध्ये शिरून फायली पुसायच्या भानगडीत पडू नका. मग गुन्हा तुमचा होतो, प्रश्न ३ पहा. लेखी खुलासा मागा, आणि काढायचं असेल तर रीतसर चौकशी करा, त्याला बाजू मांडू द्या. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं असेल आणि तुम्ही गुप्ततेच्या करारावर सही केली असेल तर गिऱ्हाइकाला कळवणं तुमच्यावर आहे. हा फोन सगळ्यात अवघड असतो, म्हणून लोक तो टाळतात आणि गिऱ्हाइकाला बाहेरून कळतं.

"आमच्याकडून सुटल्यावर दोन वर्षं दुसऱ्या फाउंड्रीत जायचं नाही" असं लिहून घेतलंय म्हणून निर्धास्त राहू नका. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरीनंतरचं असं बंधन टिकत नाही. गुपित फोडू नये हे बंधन मात्र टिकतं.

१२. मेलवर ठरलेला सौदा म्हणजे करार का? सही-शिक्का तर नाही. आणि मेल कोर्टात चालतो का?

पहिल्याचं उत्तर हो. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत हा २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बॉक्साइटच्या सौद्याचा होता. मेलवर प्रस्ताव गेला, मेलवर 'मान्य' आलं, रीतसर कागद पुढे झालाच नाही. न्यायालय म्हणालं, करार झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०क हेच सांगतं. तेव्हा पर्चेसच्या पोराला मोबाइलवरून 'ओके' टाकायची सवय असेल तर ती मोडा.

कोर्टात मेल चालतो, पण नुसती प्रिंट काढून नेली तर अडतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे (आधीचं ६५ख). सोबत प्रमाणपत्र लागतं, दोन भागांत: एक संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे ओळखायची खूण). प्रमाणपत्र सक्तीचंच, हे आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये पक्कं झालं. म्हणून मूळ मेल हेडरसकट (मेल कुठून, कसा आला ही आतली नोंद) फाइल म्हणून उतरवून ठेवा. फॉरवर्ड केलेला मेल म्हणजे मूळ मेल नव्हे. स्क्रीनशॉट तर त्याहून लांब.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, मुंबईची खेप वाचली. प्रमाणपत्राची नाही वाचली.

१३. "आमचं बँक खातं बदललंय" असा सप्लायरचा मेल आला, पैसे पाठवले. आता सप्लायर म्हणतो मी मेलच केला नाही.

पहिलं काम फोन: १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), आणि तुमची बँक. तासाभरात केला तर पैसे वाटेत थांबण्याची आशा असते, दोन दिवसांनी फारशी नाही. मग सायबर पोर्टलवर तक्रार. सर्ट-इनला अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं, हे फार थोड्यांना माहीत आहे.

मेल नीट बघा. बहुतेक वेळा पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असतं. पत्ता बरोबर असेल तर दोघांपैकी एकाच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी महिनाभर बसून वाचत होतं, आणि बिल निघायच्या दिवशी त्यानं तोंड उघडलं. सेटिंगमध्ये न कळत लावलेला फॉरवर्डचा नियम शोधा. हे तपासायला अकाउंटंटचा मेलबॉक्स उघडावा लागतो, त्याला सांगून उघडा. आधीच बिचारा घाबरलेला असतो, चोर समजून वागवू नका.

पुढच्यासाठी नियम एकच: खातं बदललं असं मेलवर आलं की जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरावर फोन. मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नाही.

१४. लैंगिक छळाची तक्रार समितीला मेलनं आली. आयटीवाला सगळे मेलबॉक्स बघू शकतो. मग गुप्तता कुठली?

या यादीतला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि तो एका समितीच्या अध्यक्ष बाईंनी विचारला. २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची नावं आणि चौकशीचा तपशील बाहेर जाऊ देत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे समिती लागते, म्हणजे प्रश्न छोट्यांचाही आहे.

समितीची आयडी वेगळी करा आणि ती मालकाच्या किंवा एचआरच्या मेलबॉक्सला जोडू नका. ॲडमिनकडून गुप्ततेचं लेखी घ्या आणि त्यानं ती आयडी उघडली तर नोंद समितीतल्या बाहेरच्या सदस्याकडे जाईल अशी सोय करा. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती समितीकडे जात नाही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आणि अशा वेळी 'तपासणीसाठी' म्हणून तक्रारदार बाईचा मेलबॉक्स उघडायला मालकांचा फोन आला तर मी नाही म्हणतो. धोरणात काहीही लिहिलेलं असो.

१५. चुकून सगळ्यांचं पगारपत्रक सगळ्यांना गेलं. परत घेता येतं का?

बाहेरच्या मेलवर गेलं असेल तर नाही. आतल्या आत असेल तर ॲडमिन काढून टाकू शकतो, पण अर्ध्यांनी तोवर बघितलेलं असतंच. लपवू नका, त्याच दिवशी सांगा. मे २०२७ नंतर अशा गळतीची खबर प्रत्येक संबंधित माणसाला आणि डेटा संरक्षण मंडळाला द्यावीच लागेल, मंडळाला तपशील ७२ तासांत. पगारपत्रकाला पासवर्ड घाला. जन्मतारीख सोडून दुसरा.

१६. जर्मनीच्या गिऱ्हाइकानं जीडीपीआरचा फॉर्म पाठवलाय. सगळीकडे 'येस' टाकून पाठवू का?

नको. तो फॉर्म म्हणजे तुमचं लेखी विधान. जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा, मे २०१८ पासून तिकडे लागू आहे, आणि त्यांच्या माणसांची नावं, फोन, मेल तुमच्याकडे येतात म्हणून ते विचारतात. जे करता तेवढ्यालाच हो म्हणा, बाकीच्यासमोर तारीख टाका. तारीख टाकलेलं 'नाही' त्यांना चालतं, असा माझा अनुभव आहे.

१७. साहेब रात्री अकराला मेल टाकतात. उत्तर द्यायलाच पाहिजे का?

कामानंतर मेल न बघण्याचा हक्क देणारा कायदा नाही. सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण ते मांडण्यापुरतंच राहिलं. कामगार वर्गात मोडत असाल तर जादा वेळेला दुप्पट दर आहे आणि रात्रीचे मेल त्या वेळेचा पुरावा ठरू शकतात. मॅनेजर असाल तर हा आधार नाही. साहेबांसाठी एक उपाय: मेल लिहा रात्री, सकाळी साडेनऊला जाईल असा लावून ठेवा.

१८. आमची पतसंस्था आहे. सभासदानं माहिती अधिकारात संचालकांचे मेल मागितलेत.

सहकारी संस्था आपोआप 'सार्वजनिक प्राधिकरण' होत नाही. सरकारचा भरीव पैसा असेल तरच. थलप्पलम प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं. पण त्याच निकालात हेही आहे की निबंधकाला कायद्यानं जी माहिती संस्थेकडून मागवता येते, ती त्याच्यामार्फत मिळू शकते. त्यामुळे 'आम्हाला लागत नाही' एवढंच उत्तर टाकून मोकळे होऊ नका, निबंधकांचं पत्र येऊ शकतं. सभासदाची स्वतःच्या कर्जाबद्दलची माहिती असेल तर ती तशीही द्या.

१९. आमचे जुने अकाउंटंट वारले. मुलगा म्हणतो, बाबांच्या ऑफिस मेलमध्ये विम्याचे आणि पीएफचे कागद आहेत, पासवर्ड द्या.

पासवर्ड देऊ नका, कागद द्या. मेलबॉक्समध्ये कंपनीचेही व्यवहार आहेत आणि दुसऱ्या माणसांच्या पगाराचेही. मुलाला बोलवा, काय हवंय त्याची यादी घ्या, वारस असल्याचा कागद बघा, आणि तुमचा एक माणूस व तो शेजारी बसून तेवढेच मेल शोधा. नव्या कायद्यात जिवंतपणी कुणाला तरी नामनिर्देशित करून ठेवायची सोय आहे. धोरणाच्या फॉर्ममध्ये तो रकाना आताच घाला.

एका पेढीत हे करताना ड्राफ्टमध्ये एक न पाठवलेला मेल सापडला, मुलाच्याच नावानं, कॉलेजच्या फीबद्दल. धंद्याचा काही संबंध नव्हता. मालकांनी तो न उघडता प्रिंट करायला सांगितला, ते काही जमण्यासारखं नव्हतं. शेवटी खुर्ची मुलाला दिली आणि आम्ही दोघं बाहेर चहाला गेलो.